बसस्टँडमागची अभ्यासिका: नेट लाइफ सायन्सवाल्यांसाठी कशी आहे

झूलॉजी, बॉटनी, मायक्रो काहीबी करून गावी परत आलेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर जी अभ्यासिका आहे तिथं बसूनच मी सीएसआयआर नेटचा (विज्ञानातल्या संशोधनाच्या फेलोशिपसाठी न् प्राध्यापकीसाठी असते ती परीक्षा) अभ्यास केला, अजूनही जाते, आणि पुण्याला रूम करून पैसे घालवायच्या आधी इथं एकदा बसून पाहा असं माझं स्पष्ट मत आहे.

महिन्याचे 600 रुपये. लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर लाइट न् पंखे चालतात, मे महिन्यात कूलर लावतात पण मागच्या रांगेपर्यंत हवा येत नाही म्हणून सीट पुढची मागा. मुलींची रांग वेगळी आहे, कॅमेरे आहेत, आणि ज्यांना शेवटच्या एसटीनं गावी जायचं असते त्यांचा अभ्यास बुडू नये म्हणून सकाळी लवकर दार उघडून देतात अभ्यासिकेचे काकाजी, हे मला लय महत्त्वाचं वाटते कारण आमच्याकडे पोरीचा अभ्यास बंद पडतो तो बहुतेक वेळा एसटीच्या टायमापायी. पिण्याचं पाणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत संपते, बाटली घरून भरून न्या.

आता मुद्द्याचं. हॉलमधे सगळे एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीवाले, लाइफ सायन्सची मी एकटीच होते, आणि मला वाटलं होतं आपलं इथं काय जमणार. पण नेटचा पार्ट ए सगळ्या विषयांना सारखाच असते, 20 पैकी 15 प्रश्न, 30 मार्क, गणित न् रीझनिंग. आपण बायोलॉजीवाले बारावीत गणित सोडून मोकळे झालेलो, तिथंच मार्क जातात. आणि माझ्या शेजारी बसणारे दादा लोक तेच रोज करत होते! वेळ-वेग, शेकडेवारी, आलेख वाचणं, सगळं एका दादानं मागच्या खोलीतल्या बोर्डावर शिकवलं आणि एक पैसा घेतला नाही. असा पार्ट ए कोणत्याच महागड्या क्लासमधे कोणी घेतला नसता.

मग मी पण त्यांना विज्ञान शिकवायला लागले. एकदा सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, विषय निघाला. पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) येणारी एक ताई, पोलीस भरती करते, तिनं विचारलं दोघं नवराबायको वाहक (आजाराचा एकच जीन असलेले, स्वतः आजारी नसलेले) असले तर लेकराचं काय. बोर्डावर चार घरांचा चौकोन काढला, एका घरात आजार, दोन घरात वाहक, एक घर निर्मळ. म्हणजे दर बाळंतपणाला 25 टक्के शक्यता, पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणून दुसरं चांगलंच होईल असं नाही. ती म्हणे मग दुसऱ्या लेकरालाबी तपासाच लागते. हे समजावता समजावता माझाच नेटचा पार्ट सी पक्का झाला, कारण तिथं नुसती व्याख्या विचारत नाहीत, जेलचं (ज्यात वीज सोडून रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं करतात) चित्र देतात आणि विचारतात वाहकाची लेन, म्हणजे रांग, कोणती. अल्कलाइन जेलमधे एचबी-एस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) साध्या हिमोग्लोबिनपेक्षा हळू सरकते, वाहकाला दोन पट्टे दिसतात. कॉलेजात नोट्स उतरवून हे कळलंच नव्हतं. पार्ट सी 100 मार्कांचा आहे, 75 प्रश्नांमधून 25 सोडवायचे, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचे 25 टक्के कटतात, म्हणून पाठांतरावर जाऊ नका.

पुस्तकांचं मात्र खरं सांगते, आपल्या विषयाचं कपाटात काहीच नव्हतं. काकाजींना म्हटलं तर त्यांनी एक खण रिकामा करून दिला, जुने पेपर खालीच झेरॉक्स काढून मी तिथं ठेवलेत, कोणीबी घ्या. नेटचा फॉर्म पण खालचा झेरॉक्सवाला भाऊ नीट भरून देतो.

घरच्यांना सांगायला एक गोष्ट, बाबा मला म्हणायचे पीएचडी म्हणजे अजून पाच वर्षं फीच भरायची का. तसं नाही. नेटमधून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) निघालं आणि पीएचडीला लागलं की पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000, नंतर एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झालं की 42,000, वर घरभाडं. कापसाच्या भावावर जगणाऱ्या घराला हा आकडा सांगा, पोरीला थांबवणार नाहीत.

पण इथं बसून प्रयोगाचा हात येत नाही, ते कोणतीच अभ्यासिका देऊ शकत नाही. त्यासाठी शिकत असतानाच देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी (समर) फेलोशिपला अर्ज करा, दोन महिने खऱ्या लॅबमधे काम करायला भेटते. नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे, नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) आहे, तिथं डिझर्टेशनसाठी विचारा. गुलाबी बोंडअळी आपल्या वावरात आहे, तिच्यावर काम करणारे आपल्याकडचे का नसावेत?

माझ्याकडून पाचपैकी चार, एक पाण्यासाठी कापला. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जागा भेटत नाही, त्याच्या आधी नाव लावून ठेवा.