फ्लोरेन्सचे छायाचित्र : टेकडीवरून की मनोऱ्यावरून?

फ्लोरेन्सचे विहंगम छायाचित्र टिपण्यासाठी दोन जागांची नावे हमखास पुढे येतात: आर्नो नदीच्या दक्षिणेकडील पियात्झाले मायकेलँजेलो हा टेकडीवरचा चौक आणि कॅथेड्रलला लागून उभा असलेला जोत्तोचा घंटामनोरा.

जुझेप्पे पोज्जी यांनी १८६९ मध्ये आखलेला हा चौक सर्वांना विनामूल्य खुला असून तेथून नदी, पोन्ते वेक्कियो हा जुना पूल, कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्कीने उभारलेला घुमट आणि मागच्या टेकड्या एकाच चौकटीत येतात. सूर्यास्ताला येथे इतकी गर्दी होते की कठड्याशी जागा मिळणेही अवघड ठरते. खरे तर सकाळी ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून शहरावर पडते, तेव्हा घुमटाची लाल कौले अधिक स्पष्ट उठून दिसतात. घुमट मोठा दिसावा यासाठी मात्र टेलिफोटो लेन्स हवी.

मनोऱ्याचे गणित वेगळे आहे. सुमारे ८५ मीटर उंचीच्या या वास्तूत ४१४ पायऱ्या चढाव्या लागतात, तिकीट घ्यावे लागते आणि सर्वांत वरच्या सज्जावर जाळी असल्याने लेन्स तिच्या अगदी जवळ न्यावी लागते. तरीही घुमट येथून पूर्वेला, जवळजवळ हाताच्या अंतरावर दिसतो आणि दुपारनंतरच्या उन्हात त्याच्या पांढऱ्या फासळ्या उजळतात. घुमटावर चढणाऱ्यांच्या चित्रात घुमटच नसतो, हे वर गेल्यावरच अनेकांच्या लक्षात येते.

एकच चित्र घ्यायचे असेल, तर मी पायऱ्या चढेन.