पाकिटावरचे ३० ग्रॅम आणि वाटीतले साठ

दुधात घालून लगेच खाता येतात म्हणून न्याहारीच्या सिरियलकडे मी अनेक वर्षांपूर्वी वळलो, आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहू लागलो. मला मधुमेह नाही. उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असते. त्यामुळे प्रश्न आजाराचा नव्हता. साडेआठला खाल्लेली भरलेली वाटी अडीच तासही का टिकत नाही, एवढेच मला समजून घ्यायचे होते. त्यासाठी साधे कॉर्नफ्लेक्स, सुका मेवा घातलेली मुसली, गव्हाच्या कोंड्याचे सिरियल आणि जाड रोल्ड ओट्स हे चार प्रकार मी एकेक आठवडा सलग खाल्ले, घरच्या ग्लुकोमीटरवर अधूनमधून साखर पाहिली आणि भूक कधी लागली याची वेळ रोज टिपून ठेवली. घरच्या ग्लुकोमीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला असतो, म्हणून माझ्या नोंदींना प्रयोगाचा दर्जा देण्याचे कारण नाही.

पहिला धक्का ग्लुकोमीटरने नव्हे, तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने दिला. पाकिटांच्या पाठीवरचे उष्मांक आणि साखरेचे आकडे बहुधा ३० ग्रॅमच्या हिशेबाने दिलेले असतात. तेवढे कॉर्नफ्लेक्स मोजून घातले तर वाटी निम्मी भरते. मी रोज सवयीने ओतत होतो ते साठ ग्रॅमच्या जवळ जात होते. मुसलीचे तीस ग्रॅम म्हणजे तर तीन मोठे चमचे, जे वाटीच्या तळाशी केविलवाणे दिसतात. कॉर्नफ्लेक्सच्या रेघेपर्यंत मुसली भरली की तिचे वजन तिप्पट होते, आणि नेमके हेच न कळल्यामुळे अनेक जण मुसलीला हलका आहार समजून चालतात.

कॉर्नफ्लेक्सबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण त्यांची ख्याती साधेपणाची आहे. मक्याच्या दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून उरलेले तुकडे वाफेच्या दाबाखाली शिजवतात, वाळवतात, जड रुळांमधून दाबून चपटे करतात आणि भाजतात. या सगळ्यात दाण्यातल्या स्टार्चची मूळ घट्ट रचना मोडते, म्हणजे पचनाचे निम्मे काम कारखान्यातच उरकलेले असते. वाटीत याचा पुरावा डोळ्यांना दिसतो: दूध ओतल्यावर तीन-चार मिनिटांत कुरकुरीत पापुद्रा लिबलिबीत होतो आणि चमच्याने दाबला की विरघळल्यासारखा पसरतो. एखादा पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो हे सांगणारी ग्लायसेमिक इंडेक्स ही मोजणी टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. तिच्यात शुद्ध ग्लुकोज १०० धरतात. ५५ किंवा त्याहून कमी अंक मंद आणि ७० पासून पुढचा अंक वेगवान मानला जातो. २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात कॉर्नफ्लेक्सची सरासरी ८१ आहे. चवीला जवळजवळ अळणी असलेला पदार्थ रक्तातली साखर इतक्या वेगाने चढवतो, हे जिभेला पटत नाही.

निरोगी माणसांतही असे घडते, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले होते. मधुमेहाचे निदान न झालेल्या स्वयंसेवकांना त्यांनी सतत मोजणारे सेन्सर लावून कॉर्नफ्लेक्स आणि दूध दिले, तेव्हा सुमारे ८० टक्के जणांची साखर १४० च्या वर गेली. माझ्याही पाऊण तासाच्या नोंदी बहुतेक वेळा त्या रेघेच्या पलीकडच्या होत्या, मात्र दोन तासांनी आकडा शहाण्यासारखा जागेवर आलेला असे. या चढाची धास्ती घेण्याचे निरोगी माणसाला कारण नाही, असे माझे मत आहे. इन्सुलिन आपले काम करत असते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा उतार. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांच्या चमूने २०२१ मध्ये सुमारे १,०७० लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्याही खाली घसरत होती त्यांना भूक लवकर लागत होती आणि पुढच्या तीन-चार तासांत ते सरासरी ७५ उष्मांक जास्त खात होते. माझ्या वहीत कॉर्नफ्लेक्सच्या आठवड्यात भुकेची वेळ पावणेअकराच्या आसपास वारंवार लिहिलेली आहे. दुसऱ्या आठवड्यात तोच डबा मोजून तीस ग्रॅम खाल्ला असता तर साखर एवढी चढली नसती हे खरे, पण मग भूक साडेनऊलाच लागली असती, असे मला वाटते.

साखरेचा मुलामा दिलेल्या फ्लेक्सचा मी या परीक्षणात समावेश केला नाही, पण त्यांच्याविषयी एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो रक्तातले ग्लुकोज थेट फारसे वाढवत नाही, म्हणून साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स ६५ च्या आसपास, म्हणजे साध्या कॉर्नफ्लेक्सपेक्षाही कमी येतो. यावरून गोड सिरियल बरे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, मात्र केवळ या एका अंकावर विसंबून खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुसलीने माझी सर्वांत जास्त निराशा केली. तिचा अंक ५७ च्या घरात आहे आणि साखर खरोखरच बेताने चढली, पण पोट भरल्याची भावना टिकली नाही. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थांची तृप्ती मोजली होती; सर्वांना सारख्याच उष्मांकांचे, म्हणजे सुमारे २४० उष्मांकांचे, ताट देऊन दोन तास भूक नोंदवली होती आणि पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले होते. त्यात मुसलीलाही १००च मिळाले, कॉर्नफ्लेक्सना ११८, कोंड्याच्या सिरियलला १५१ आणि ओट्सच्या लापशीला २०९. मनुका आणि बदाम उष्मांक वाढवतात, वाटी मात्र भरत नाहीत. माझ्या पाकिटाच्या दर्शनी बाजूवर मूठभर बदाम छापलेले होते. प्रत्यक्ष वाटीत मी मोजले तेव्हा दीड सापडला.

कोंड्याचे सिरियल खाताना चवीची अपेक्षा ठेवू नये. ओल्या पुठ्ठ्याची आठवण होते, आणि तो कडवटपणा झाकण्यासाठी उत्पादक साखर घालतातच, म्हणून घटकांची यादी वाचल्याशिवाय ते घेऊ नये. रक्तातली साखर मात्र हळू चढली, भूकही बाराच्या पुढे गेली. पहिले तीन दिवस पोटात जी गुडगुड झाली ती बैठकीतल्या इतरांनाही ऐकू आली असावी. कोंड्याची सवय नसेल तर एकदम पूर्ण वाटी घेऊ नये.

ओट्सच्या बाबतीत पाकिटावरचा एक शब्द निर्णायक ठरतो. जाड रोल्ड ओट्सच्या लापशीचा अंक ५५ आणि झटपट होणाऱ्या ओट्सचा ७९. धान्य तेच, फक्त ते किती बारीक आणि किती आधी शिजवलेले आहे, एवढाच फरक. जाड ओट्स उजेडात धरले तर प्रत्येक पाकळीची कड आणि मधली रेघ दिसते, झटपट ओट्सच्या पाकिटात तळाशी पीठ साचलेले असते. ओट्समधला बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू पोटात चिकट होऊन साखरेचे शोषण लांबवतो, हेही खरे आहे. मात्र युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये या दाव्याला मान्यता देताना दर ३० ग्रॅम कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकानची अट घातली आणि चाळीस ग्रॅम साध्या ओट्समधून जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅमच मिळते. त्यामुळे ओट्सच्या आठवड्यात मी एकपर्यंत निर्धास्त राहिलो याचे थोडे श्रेय लापशीतल्या पाण्यालाही द्यावे लागेल. शिजायला लागणारी आठ-दहा मिनिटे आणि दूध उतू जाऊ नये म्हणून द्यावा लागणारा पहारा, हा तिचा खरा दोष.

सध्या आठवड्यातले पाच दिवस जाड ओट्स, त्यात दोन चमचे कोंडा, आणि उरलेली मुसली वरून भुरभुरण्यापुरती, अशी व्यवस्था बसली आहे. कॉर्नफ्लेक्सचा डबा अजून अर्धा शिल्लक आहे. उशिरा उठलेल्या दिवशी, जेवण दोन तासांवर आलेले असताना, तो मी आनंदाने उघडतो.