उष्णतावाहक म्हणून विकलेले साधे सीलंट

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमचा एलईडी दिवे जोडण्याचा लहानसा कारखाना आहे. मासेमारी धक्क्यांवर बसणारे हे दिवे खाऱ्या हवेत आणि लांबलचक पावसात टिकावे लागतात. त्यामुळे एलईडीची पाटी ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, जोडणारे ॲडहेसिव्ह निवडताना आम्ही दरापेक्षा डेटाशीटला महत्त्व देतो. नेहमीचा माल लांबणीवर पडला असताना मडगावच्या एका पुरवठादाराने परदेशी कंपनीच्या लेबलचे सिलिकॉन ॲडहेसिव्ह निम्म्या दरात देऊ केले. उष्णतावाहकता ३ वॅट प्रति मीटर-केल्विन, भट्टीत १५० अंशांवर पक्के होणारे, सोबत चाचणीचा दाखला आणि ट्यूबवर बॅच नंबर; कागदोपत्री काहीच उणे नव्हते.

पहिला संशय वासामुळे आला. ट्यूब उघडताच व्हिनेगरचा उग्र दर्प येत होता आणि भट्टीत जायच्या मालावर टेबलावरच साय धरत होती. हवेतल्या दमटपणाने पक्के होताना ॲसेटिक आम्ल सोडणारे हे खिडक्यांच्या काचा बसवण्याचे सीलंट होते. असे आम्ल तांब्याच्या रेषा आणि सोल्डर खाते. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्ससाठी आम्ल न सोडणारे सिलिकॉन घ्यावे लागते. भट्टीतून काढलेली एक पाटी उचकटली, तेव्हा कडेला रबर झाले होते, पण मधोमध, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, पेस्ट ओलीच होती.

खात्री मात्र वजनाने झाली. सिलिकॉन स्वतः उष्णतेचे अगदी सुमार वाहक असून त्याची वाहकता ०.२ च्या आसपास असते. ती ३ पर्यंत न्यायची तर ॲल्युमिनासारखी, पाण्याच्या जवळजवळ चौपट जड असलेली पूड त्यात ठासून भरावी लागते आणि मग ॲडहेसिव्ह पाण्याच्या दुपटीहून जड होते. आम्ही १० मिलिलिटरची सिरिंज भरून तराजूवर ठेवली. आतल्या मालाचे वजन १० ग्रॅमच्या किंचित वर भरले. म्हणजे आत पूड नावालाही नव्हती.

या फरकाची किंमत हिशेबाने कळते. अडीच सेंटिमीटर बाजूच्या चौरस पाटीतून १० वॅट उष्णता ०.२ मिलिमीटर थरातून जाताना खऱ्या मालात सुमारे १ अंशाचा फरक पडतो, तर या सीलंटमध्ये सुमारे १६ अंशांचा. एलईडी तेवढा जास्त तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. हे दिवा लावल्या दिवशी दिसत नाही, आणि फसवणारा त्याच भरवशावर असतो.

मूळ कंपनीला बॅच नंबर कळवला, तेव्हा तो आपला नसल्याचे त्यांनी लेखी कळवले. त्याच पुरवठादाराने दिलेल्या, बोर्डांवर संरक्षक थर म्हणून लावायच्या ॲक्रिलिक कोटिंगच्या डब्यावर ‘अतिनील प्रकाशात चमकते’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात अतिनील दिव्याखाली बोर्ड काळाच राहिला. गंमत म्हणजे बिलावर ॲडहेसिव्हचा एचएसएन कोड (करासाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) ३५०६ नव्हे, तर पुट्टी-मॅस्टिकचा ३२१४ घातला होता. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण कोडाबाबत घोळ होऊ शकतो. तरी पुरवठादार आमच्याशी वागला त्यापेक्षा कर खात्याशी अधिक प्रामाणिक राहिला असावा.

पैसे परत मागितल्यावर ‘साठवणूक तुमची चुकली’ हे ठरलेले उत्तर मिळाले. व्यापारी हेतूने केलेली खरेदी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सहसा बसत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाता आले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार वकिलांकडून तयार होत आहे. मध्यंतरी पुरवठादाराने ‘उरलेल्या ट्यूब परत पाठवा, बदली माल देतो’ असा निरोप धाडला. न उघडलेल्या ट्यूब, खोके, बिल आणि कंपनीचे पत्र आम्ही हातचे सोडलेले नाही.