रजिस्टर लग्न की छोटं विधिवत लग्न? यादी कशात आटोक्यात राहते

माझ्या चुलत भावाचं ठरलं होतं ८० माणसांचं. दीड वर्षाने माझंही तेवढ्याचंच ठरलं. त्याने छोट्या हॉलमध्ये विधिवत लग्न केलं, मी रजिस्टर लग्न करून दुपारचं एक जेवण ठेवलं. त्याच्याकडे शेवटी २१० पानं उठली, माझ्याकडे ३४. गोतावळा दोघांचा एकच, रुसणारी माणसंही तीच. म्हणून या विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी धरून चालतो.

आधी एक सांगतो, विधींमुळे यादी वाढत नाही. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी हे सगळं १५ माणसांत छान होतं, निवांतही होतं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात पाहुण्यांचा आकडा नाही. जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न लागलं, मग अक्षता टाकणारे दहा असोत की हजार. मामा तेवढा लागतो. (माझ्या बायकोला तीन आहेत, पण ते असो.)

यादी वाढते ती हॉलमुळे. भावाबरोबर हॉल बघायला मीच गेलो होतो. मॅनेजरने विचारलं, "ताटं किती धरू?" ८० म्हटल्यावर त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. तिथीचा दिवस आहे, म्हणाला, कमीत कमी १५०ची गॅरंटी द्यावी लागेल, माणसं येवोत न येवोत. आणखी दोन ठिकाणी विचारलं, तिथेही हेच.

त्या रात्री काका पलंगाखालची ट्रंक ओढून आहेराची वही घेऊन बसले. लाल कापडी बांधणीची, कडा उसवलेली. कोणी ५१ रुपये दिले, कोणी स्टीलचा डबा, कोणाच्या मुंजीला आपण जेवून आलो, सगळं काकूच्या अक्षरात. "पैसे भरायचेच आहेत ना, मग बोलावू की," एवढंच ते म्हणाले. यात चूक काय काढणार? ७० ताटं रिकामी होती आणि वहीत नावं भरपूर. दोन संध्याकाळींत १५० भरली. त्यानंतर १५१व्या माणसाला 'नाही' म्हणायला काही कारणच उरलं नाही. त्यात पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं, म्हणजे एका नावामागे किती ताटं ते देवालाच ठाऊक.

मला त्या लग्नातलं सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. ज्यांना बोलवायचं मनात नव्हतं त्यांना निव्वळ ताटं वाया जाऊ नयेत म्हणून बोलावलं. भाऊ पंगतीत वाढायला फिरताना मला हळूच विचारत होता, "हे कोण रे?"

रजिस्टर लग्नात ही भानगडच नाही. लग्न लागलं त्या कार्यालयाच्या खोलीत आम्ही दोघं, साक्षीदार आणि आई-वडील धरून ११ जण उभे राहिलो, तर दार लागेना. आत्याने आधी फोनवर "आम्हाला का नाही?" विचारलं होतं. तिला म्हटलं, "आत्या, आत जागाच नाही गं." खोटं नव्हतं, तिने ते ऐकलंही. एप्रिल २०२१मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम होता, तेव्हाही आमच्या घरात कोणी रुसलं नव्हतं. माणूस कमी करणारा आपण नसलो की लोक समजून घेतात, असा माझा तरी अनुभव. शिवाय कार्यालयाला रविवारी सुट्टी. आम्हाला मंगळवार मिळाला आणि परगावच्या निम्म्या लोकांनी रजा नाही म्हणून स्वतःच कळवलं.

त्रासही आहेत. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा, आणि नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं. तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर पुन्हा नवी नोटीस. ती नोटीस कार्यालयात लावतात, त्यामुळे घरून विरोध असेल तर हे ३० दिवस जड जातात. आणि नुसता दाखला काढून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालं असं होत नाही, त्याला विधी लागतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. तेव्हा विधी नकोच असतील तर अर्ज कोणत्या कायद्याखाली भरताय ते नीट बघा.

आईला मंगलाष्टका नसल्याची चुटपुट अजून आहे. आमच्या फोटोत मागे फायलींचं कपाट आणि वर ट्यूबलाइट आहे, तेही कबूल. पैशांचं म्हणाल तर बचत झाली ती जेवणात आणि हॉलमध्ये, दागिने-कपड्यांत काही फरक पडला नाही. आणि रजिस्टर करून महिन्याने रिसेप्शन ठेवणार असाल तर हा सगळा खटाटोप कशाला? आहेराची वही तेव्हा निघेलच.

तुमच्याकडे घराची गच्ची असेल, किंवा मोजून ४० ताटं देणारा माणूस हाताशी असेल, तर विधिवत लग्नही तितकंच आटोपशीर होईल, मी उगाच नाही म्हणणार नाही. पण हॉल घ्यावाच लागणार असेल, तर मी पुन्हा रजिस्टरच करीन.

फक्त साक्षीदार तीन लागतात म्हणून तीनच सांगू नका. आमचा एक मित्र ट्रॅफिकमध्ये अडकला, नंबर पुकारला तरी त्याचा पत्ता नाही. आत्याचे यजमान "सहज डोकावून जातो" म्हणून दाराशी आले होते, नशिबाने खिशात आधार कार्ड होतं. सही त्यांनी केली. आता घरात कुठल्याही कार्याची यादी निघाली की ते म्हणतात, "आम्ही यादीतले नाही, सहीतले."