सातारच्या रोपवाटिकेतील काटक्या आणि माझी छोटी रेल्वे

माझ्या रेल्वेच्या देखाव्याचे प्रमाण १:८७ असल्याने १२ मीटरचे झाड तेथे जेमतेम १४ सेंटिमीटरचे लागते, आणि त्या उंचीचे सुबक सांगाडे साताऱ्यातील एका रोपवाटिकेने छाटणीच्या ढिगातून चक्क फुकट दिले. वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या झाडून, उरलेल्या काटक्यांवर पातळ फेव्हिकॉल लावून हिरवा रंगवलेला, चहाच्या गाळणीने गाळलेला लाकडाचा भुसा भुरभुरला की घाटातल्या आंब्याचा घेर हुबेहूब उतरतो. मेंदीच्या काड्या मात्र जरा ताठच दिसतात. वाळल्यावरही टिकेल असे सांगून ६० रुपयांना विकलेली शोभेची शतावरी आठवड्याभरात रुळांवर गळून पडली, ही तक्रार मात्र आहे. तुळशीसाठी मी पुन्हा जाईन, तेही दिवाळीनंतर, तुळशीचे लग्न उरकल्यावर. त्याआधी आई हात लावू देणार नाही.