पाटीवरचे ‘न्यूरो’ आणि आमचे 45,000 रुपये

गेल्या दिवाळीनंतर आईच्या दोन्ही हातांना कंप सुटला आणि फुलवाती वळताना कापूस बोटांतून निसटू लागला, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जो येई तो ‘पार्किन्सन असेल’ असे म्हणून जाई. त्या धास्तीत, एका परिचितांच्या सांगण्यावरून, आम्ही बडोद्याच्या नव्या वस्तीतले एक ‘न्यूरो सेंटर’ गाठले. तिथली मुलगी मराठीत बोलली, ‘काकू, अजिबात काळजी करू नका’ म्हणाली. एरवी दिवसभर गुजरातीत व्यवहार करणाऱ्या आम्हाला तेवढ्यानेच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले आणि आमच्या चौकशा तिथेच संपल्या.

आतल्या गृहस्थांनी आईला चालायलासुद्धा लावले नाही. डोक्यावर तारांची टोपी चढवून ‘ब्रेन मॅपिंग’चा रंगीत कागद काढला, त्यातल्या लाल डागावर पेन टेकवून ‘इथल्या पेशी सुकल्या आहेत’ असे सांगितले आणि मशीनच्या वीस बैठकांचे 45,000 रुपये आगाऊ घेतले. बारा बैठका झाल्या तरी कंप तसूभर कमी झाला नाही. मग मी पाटी नीट वाचली. मोठ्या ‘न्यूरो’खाली बारीक अक्षरांत कसल्याशा फेलोशिपचा उल्लेख होता, नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. न्यूरोलॉजिस्ट हा सामान्यतः एमबीबीएस आणि एमडीनंतर आणखी तीन वर्षे शिकून न्यूरोलॉजीतली डीएम किंवा डीआरएनबी पदवी घेतलेला डॉक्टर असतो, मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी एमसीएच असते, आणि डॉक्टरचे नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या संकेतस्थळावर शोधून पाहता येते, ही माहिती मी पैसे भरल्यानंतर मिळवली. त्या यादीत हे गृहस्थ सापडले नाहीत.

आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून ज्या डीएम डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आईला बोळातून चालवले, अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली, कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी वळणे काढून घेतली. पार्किन्सनचा कंप बहुधा आधी एका बाजूला सुरू होतो आणि हिचे दोन्ही हात एकदमच कापू लागले, हे त्यांनी दोनदा विचारून पक्के केले. नंतर घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या मागवल्या. टेबलावर ओतलेल्या पिशवीतून त्यांनी पित्तासाठी आई वर्षभर रोज सकाळी घेत असलेली कॅप्सूल उचलली: तिच्यात लेव्होसल्पिराइड होते, आणि या औषधाने, विशेषतः उतारवयात, पार्किन्सनसारखीच लक्षणे दिसू शकतात. कॅप्सूल त्यांच्या सल्ल्याने बंद केली. तीन-साडेतीन महिन्यांत कंप जवळजवळ गेला. बारा बैठकांत त्या सेंटरमध्ये एकदाही ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असे कोणी विचारले नव्हते.

उरलेल्या आठ बैठकांचे पैसे मागितले तेव्हा त्यांनी पावती पुढे केली. तिच्यावर ‘वेलनेस पॅकेज, रक्कम परत मिळणार नाही’ असे छापलेले होते आणि डॉक्टरचे नाव नव्हते. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद गोळा करतो आहोत आणि त्यात तो लाल डागाचा कागदही जोडणार आहोत.