इसवी सन 484 वर तपासलेलं तारीख-रूपांतराचं अ‍ॅप

ताम्रपट-शिलालेख वाचणाऱ्यांनी हे मोफत अ‍ॅप फोनवर ठेवावंच. मी ते एरणच्या स्तंभलेखावर पारखून घेतलं. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या या स्तंभावर गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातलं वर्ष 165, आषाढ शुद्ध द्वादशी आणि 'सुरगुरोर्दिवसे', म्हणजे गुरुवार, असं कोरलंय. वार दिलेला असला की उत्तर ताडून बघता येतं, म्हणून हाच लेख घेतला.

हे वर्ष गुप्त संवताचं, आणि तो संवत अ‍ॅपच्या यादीत नाहीच! अकराव्या शतकातल्या अल्-बिरूनी या विद्वानाने शक आणि गुप्त संवतांत 241 वर्षांचं अंतर सांगून ठेवलंय, तेवढी मिळवून गत (म्हणजे पूर्ण झालेला) शक 406 घातला. उत्तर आलं 21 जून 484, गुरुवार. चोख.

मग तोच दिवस इतर देशांच्या कालगणनांत पाहिला. इजिप्तमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनपासूनचं 200वं वर्ष, सिरियात सेल्युकस राजाच्या संवताचं 795वं, कॉन्स्टँटिनोपलला पंधरा वर्षांच्या करफेऱ्यातलं 7वं. तारीख सरकवून 15 ऑक्टोबर केली, तर 201, 796 आणि 8. शक मात्र 406च. इजिप्तचं वर्ष ऑगस्टअखेरीस पालटायचं, करवर्ष 1 सप्टेंबरला, सिरियाचं 1 ऑक्टोबरला. बरीच कोष्टकं '795-796' लिहून मोकळी होतात आणि वाचणारा अडकतो. हे अ‍ॅप आधी दिवस विचारतं, आणि माझ्या मते सगळी किंमत त्यातच आहे.

मांडणी मला पटली नाही. रोमच्या स्थापनेपासूनचं 1237 सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. त्या काळी रोमन लोक साल ओळखायचे ते कॉन्सलांच्या, म्हणजे दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या दोन उच्चाधिकाऱ्यांच्या, नावांवरून, आणि त्या वर्षी ते होते थिओडोरिक आणि व्हेनान्शियस. नावांसाठी रकानाच ठेवलेला नाही. '484' हा आकडा तरी तेव्हा कोण लिहीत होतं? डायोनिसियस या ख्रिस्ती भिक्षूने ख्रिस्तजन्मापासूनची मोजणी मांडली 525 साली.

आणि आपल्याकडचं काय? मुंबईजवळ कान्हेरीला सापडलेल्या, त्रैकूटक राजघराण्याच्या काळातल्या ताम्रपटावर वर्ष 245 आहे, म्हणजे साधारण इ.स. 494. ज्या कलचुरी-चेदी संवतात ते मोजलंय, तोही इथे नाही. पुढच्या आवृत्तीत हे दोन्ही संवत आणि गत-वर्तमान वर्ष निवडायची सोय द्याच, अशी अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती. तोवर पाचपैकी चार तारे.